पान सहा, नियम अकरावा

अहेरी, जि. चांदा
४ ऑगस्ट १९५७

ती. गुणवंतभाऊ यांस इस्तारीचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही मुंबईहून पाठवलेले नियमांचे पुस्तक परवा मिळाले. नदीला पूर असल्यामुळे टपालाची थैली चार दिवस पलीकडेच अडकली होती. वरचा कागद भिजला आहे, आतली सोळाही पाने कोरडी आहेत. मी मोजून घेतली.

'आंतरराष्ट्रीय आतषबाजी स्पर्धा, मुंबई : सुरक्षिततेचे नियम व मान्य पदार्थ.' हे नाव मी बाबांना तीनदा वाचून दाखवले. आपण ज्याला नुसते दारूकाम म्हणतो, त्यासाठी जपान, इटली आणि पोर्तुगालचे लोक समुद्र ओलांडून येतात, हे त्यांना खरे वाटेना. म्हणाले, "इतक्या दुरून येते तं त्यायची दारू सर्दत नाई का?" मग एकेका नियमाला मान हलवू लागले. मिश्रण ढवळायला लोखंड नको, लाकूड किंवा पितळ हवे. बाबांची पितळी पळी तुम्ही पाहिली आहे. अंगात सुती कपडेच हवेत. शेजारी पाण्याच्या बादल्या आणि ओली पोती हवीत. लोक दोरीच्या मागे हवेत. न फुटलेल्या गोळ्याजवळ अर्धा तास कोणी जायचे नाही. बाबा म्हणाले, "हे तं मले माह्या बुढ्यानं सांगतलं. यायले कोनं सांगतलं?"

चार वर्षांत ते पहिल्यांदा या कामाबद्दल बोलले, भाऊ. तुम्ही तेव्हा बल्लारपूरला खाणीत होता, म्हणून काय झाले ते नीट लिहितो. त्या शिवरात्रीला जत्रेचे पंच नानाजी पाटील यांनी कुठूनतरी पोटॅशची पुडी आणली. "या साली आवाज पाहिजे, मुखरू. तुहं झाड पाहून पाहून लोक आंबले," म्हणाले. बाबांनी जन्मभर सोरा, गंधक आणि बांधावरच्या तुराट्यांचा कोळसा यांवाचून चौथी वस्तू हातात घेतली नव्हती. ते नाही म्हणाले. मग चारचौघांत 'मुखरू भ्याला' असे झाले. बाबांनी पुडी गंधकात मिसळली. गोळा ठासताना हातातच फुटला आणि उजवा हात मनगटापासून गेला. नानाजींनी गावाला सांगितले की मुखरूचा कोळसाच खराब होता. तेव्हापासून जत्रेचे काम आमच्याकडे नाही. बाबा तळ्यावर जाळे ओढतात, एका हाताने आणि दातांनी.

पुस्तकात 'देशी गट' आहे. मी अर्ज करणार आहे. बाबांचेच झाड, त्यांच्याच तीन वस्तूंचे, मुंबईच्या मैदानावर उभे करीन. जमिनीतून ठिणग्यांचे खोड निघते आणि वर फांद्या फुटतात, ते तुम्हांला आठवत असेल. परीक्षकांचा कागद आणून नानाजींच्या हातात देईन. बक्षीस नसले तरी चालेल. 'नियमांप्रमाणे' एवढा शब्द त्यावर हवा.

एक शंका. नियम सातमध्ये मान्य पदार्थांत सोरा, गंधक, लाकडी कोळसा आहे. नियम अकरावा म्हणतो, 'गंधक व कोळसा यांचे मिश्रण कोणत्याही स्वरूपात आणण्यास सक्त मनाई आहे.' गंधक आणि कोळसा एकत्र केल्याशिवाय दारू कशी होईल? तुम्ही छापखान्यात आहात. कोणाला तरी विचारून कळवा. मला यामुळे दोन रात्री नीट झोप नाही.

पान तीनवर 'सुरक्षीत' छापले आहे, ते 'सुरक्षित' हवे. पान पाचवर 'आग्निशामक' आहे. रागावू नका. 'डोळा, शाळा, कोळसा' यांऐवजी 'डोरा, सारा, कोरसा' असे बोलू तसे लिहिले म्हणून मास्तरांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी भिंतीशी उभे केले होते. तुमच्या तोंडात ळ लवकर बसला. माझ्या हातात बसला, तोंडात अजून नाही.

आपला,
इस्तारी

*

मुंबई
२२ ऑगस्ट १९५७

चि. इस्तारीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तू सातवीतून शाळा सोडलीस, पण मास्तर तुझ्यातून काही सुटले नाहीत. छापखान्यात पहाटेपासून उभे राहून पाय सुजतात, तिथे एखादी वेलांटी इकडची तिकडे होणारच. पहिली आठ पाने माझ्या हातची आहेत. खिळा न् खिळा मी जुळवला आहे. मालकांनी सगळ्यांसमोर म्हटले, "चांद्याचा माणूस, पण हात साफ." पुढची आठ पाने एका कोकण्याने केली. त्यातल्या चुका काढ.

नियम अकराव्याचे म्हणशील तर समितीत मोठे इंजिनियर आहेत. विचार करूनच लिहिले असेल. परदेशात काय काय नवे निघाले आहे, आपल्याला कुठे माहीत?

माझे ऐकशील तर एक सोपी वाट आहे. इथे कारखान्याचा तयार माल मिळतो, शिक्का मारलेला. तू नुसता उभा राहा आणि वात पेटव. नाव तुझेच लागेल. मामांचे झाड इथल्या लोकांना दिसणारसुद्धा नाही रे. ते आभाळाकडे बघतात.

मामा-मामींस नमस्कार.

गुणवंत

*

अहेरी
९ सप्टेंबर १९५७

ती. गुणवंतभाऊ यांस शि. सा. नमस्कार.

दुसऱ्याने केलेल्या मालावर मी माझे नाव लावणार नाही. राग नसावा. अर्ज काल रजिस्टरने पाठवला. तहसीलचा परवाना बाबांच्या नावे अजून चालू आहे, त्याची नक्कल जोडली. वस्तूंची यादी स्वच्छ अक्षरात केली : सोरा, गंधक, तुराटीचा कोळसा, बांबूची नळी, सुती वात. काही लपवले नाही.

आता माझ्या हातून जे झाले ते सांगतो. सांगायला लाज वाटते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन चावडीवर गेलो. बाबा जे करत होते तेच जगभराच्या नियमांत आहे, हे लोकांना कळावे असे वाटले. पितळी पळीचा नियम वाचला. ओल्या पोत्याचा वाचला. लोक ऐकत होते. नानाजी पाटील म्हणाले, "दे पाहू इकडं, पुरं वाचू दे." चष्मा लावून त्यांनी पान सहा काढले आणि नियम अकरावा मोठ्याने वाचला. दोनदा वाचला.

"गंधक आन् कोरसा. सक्त मनाई," ते म्हणाले. "आँ? तुह्या बापाचा कोरसाच गुन्हेगार निघाला, इस्तारी. चार साल तुमी माह्या पुडीकडं बोट दाखवून राह्यले. पोटॅशचं नाव हाय काय यात कुठी?"

मी म्हणालो, "नाई."

"मंग?"

पुस्तक मीच नेले होते, भाऊ. पुस्तक माझ्याच हातातून घेतले.

बाबांना संध्याकाळपर्यंत कळले. मला वाटले चिडतील. ते चुलीजवळ बसले. म्हणाले, "पुस्तकात हाय तं खरं असन. मीच मूर्ख. चाळीस साल लोकायच्या लेकरायपुढं मी तेच जारत होतो." मग पितळी पळी आईच्या हातात दिली. "कढी ढवराले घे," म्हणाले.

आईने ती घेतली नाही. फळीवर उपडी ठेवली आहे.

भाऊ, हस्तलिखितावरून तुम्ही खिळे जुळवले, तो कागद छापखान्यात असेल. पान सहाचा कागद एकदा पाहा. मला वाटते त्यात काहीतरी वेगळे आहे. छापले आहे म्हणून मी ते मानणार नाही.

आपला,
इस्तारी

*

मुंबई
५ ऑक्टोबर १९५७

श्री. इस्तारी मुखरू मारबते, अहेरी, यांस :

आपला देशी गटातील प्रवेशासाठीचा अर्ज तपासण्यात आला. आपल्या यादीतील जिन्नस क्रमांक २ व ३ यांचे मिश्रण स्पर्धेच्या नियम ११ अन्वये निषिद्ध असल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. छापील नियम अंतिम आहेत. याबाबत पुढील पत्रव्यवहार होणार नाही.

चिटणीसांकरिता
(सही वाचता येत नाही)

*

अहेरी
१५ ऑक्टोबर १९५७

मा. चिटणीससाहेब,
आंतरराष्ट्रीय आतषबाजी स्पर्धा समिती, मुंबई
यांस सविनय.

आपले पत्र मिळाले. पुढील पत्रव्यवहार होणार नाही असे आपण लिहिले आहे. तो आपल्याकडून होणार नाही. माझ्याकडून होईल, कारण माझे समाधान झालेले नाही.

नियम सात व नियम अकरा एकाच पुस्तकात राहू शकत नाहीत. सोरा, गंधक व लाकडी कोळसा मान्य असून गंधक व कोळसा एकत्र करायचा नसेल, तर आपल्या मैदानावर साधा बाणही उडणार नाही. जपानचा नाही आणि अहेरीचाही नाही. जपानच्या मंडळींचा अर्ज याच नियमाखाली नामंजूर झाला काय, ते कृपया कळवावे. झाला नसेल तर त्यांच्या भाषेतल्या पुस्तकात नियम अकरावा काय आहे, तेही कळवावे.

मी शिकलेला थोडा आहे. इंग्रजी येत नाही. परंतु मराठी वाचता येते, आणि जे वाचले ते चूक आहे असे मी लिहून देतो. खाली सही करतो, ती वाचता येईल.

या पत्राची नक्कल माझ्याजवळ ठेवली आहे. उत्तर येईपर्यंत दर पंधरवड्याला ती पाठवीन.

आपला नम्र,
इस्तारी मुखरू मारबते

*

मुंबई
४ नोव्हेंबर १९५७

चि. इस्तारीस आशीर्वाद.

तू समितीला काय लिहिलेस? त्यांचा शिपाई तुझे पत्र घेऊन छापखान्यात आला होता. मालक विचारत होते, हा मारबते कोण. मी म्हटले, आमच्या बाजूला असली नावे पुष्कळ असतात.

हस्तलिखित समितीकडे परत गेले. ते पाहता येत नाही. पुन्हा विचारू नकोस.

तुला अजून जगाची ओळख नाही. छापखाना आणि समिती यांत आपण कोण? मी खाणीतून वर आलो, तेव्हा तीन महिने काळे थुंकत होतो. इथे सावलीत उभा आहे, अंगात स्वच्छ सदरा आहे, तो एखाद्याच्या हट्टापायी जायला वेळ लागणार नाही. मामांचा हात गेला तो गेला. पुस्तकातली एक ओळ बदलली म्हणून तो परत यायचा आहे का?

दिवाळीचा फराळ केलास का? इथे चिवडा विकत आणला. घरच्यासारखा नाही.

गुणवंत

*

अहेरी
२४ नोव्हेंबर १९५७

ती. गुणवंतभाऊ यांस शि. सा. नमस्कार.

तुमचे पत्र मी चारदा वाचले. त्यात एकही अशुद्ध शब्द नाही. तुम्ही इतक्या जपून मला आधी कधी लिहिले नव्हते.

जे समजले ते क्रमाने लिहितो.

कोकण्याने जुळवलेल्या पान बारावर नियम एकोणीस आहे : 'क्लोरेटच्या डब्यांवर लाल पट्टी असावी.' क्लोरेट म्हणजे काय, ते मला माहीत नव्हते. मास्तरांना विचारले, वनखात्याच्या बाबूंना विचारले, कोणालाच माहीत नव्हते. गेल्या सोमवारी आईच्या खोकल्यासाठी सरकारी दवाखान्यात गेलो. लटारू कंपाउंडर बाटल्या पुसत होते. सहज त्यांनाही विचारले.

"क्लोरेट?" ते म्हणाले. "हे काय तुह्या नाकासमोर." काचेची बरणी दाखवली, आत पांढरे खडे. "पोटॅश क्लोरेट. घसा बसला का गुरऱ्या कराले देतो. काऊन, गाणं म्हनतो का?"

मी म्हटले, "लटारूभाऊ, हेच का पोटॅश? जत्रेत आणतात ते?"

"तेच. घशात दवा, गंधकात मौत."

मी बाकावर बसलो. औषध न घेताच निघालो होतो, त्यांनी हाक मारून दिले.

भाऊ, ज्या वस्तूच्या डब्याला लाल पट्टी लावायला सांगतात, ती वस्तू गंधकात मिसळू नये असा नियम सोळा पानांत कुठेच नाही, असे कसे होईल? तो नियम आहे. पान सहावर आहे. फक्त तिथे दुसराच शब्द छापला आहे.

पान सहा कोणाच्या हातचे, हे मला माहीत आहे. तुम्हीच लिहिले होते. मी समितीला आज पत्र टाकतो आहे. त्यात तुमचे नाव लिहिलेले नाही. पान आणि नियम मात्र लिहावा लागला. त्यांनी हस्तलिखित काढून पाहिले की कळेलच. म्हणून त्यांच्याआधी तुम्हांला सांगतो आहे.

हे माझ्या प्रवेशासाठी असते, तर कदाचित मी थांबलो असतो. पण येत्या शिवरात्रीच्या जत्रेचे काम नानाजींनी बुधूला दिले आहे. बुधू बाबांबरोबर वीस वर्षे ठासायला बसला, त्याला तीन लेकरे आहेत. त्याने पोटॅशची पुडी पाहून हात आखडला, तेव्हा नानाजींनी माझ्याकडचे तेच पुस्तक मागवून त्याला दाखवले. "कोरशाले मनाई, पोटॅशले नाई. वाच." बुधूला वाचता येत नाही. त्याने मला विचारले, "इस्तारी, खरंच तसं लिवलं हाय?" मला हो म्हणावे लागले, कारण तसे लिहिले आहे.

तुम्ही त्या पुस्तकाचे खिळे जुळवले आणि मी ते चावडीवर नेले. आता बुधूचा हात आपल्या दोघांच्या मध्ये आहे.

आपला,
इस्तारी

*

मुंबई
८ जानेवारी १९५८

चि. इस्तारी,

दीड महिना उत्तर दिले नाही. दोन पत्रे लिहिली आणि फाडली. हे फाडायच्या आत पेटीत टाकीन.

हस्तलिखित परत गेलेच नव्हते. माझ्या खिळ्यांच्या केसच्या खाली, रद्दीत होते. तुझी पहिली शंका पोचली, त्याच दिवशी मी काढून पाहिले होते.

लिहिणाऱ्याचे अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून चालावे तसे. 'गंधक व क्लोरेट' असेच लिहिले आहे, ओळीच्या शेवटी, शेवटची मात्रा आणि ट दुमडीत गेलेले. क्लोर एवढेच दिसत होते. हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. आणि तुला खरे सांगतो, मी तो डोळ्यांनी वाचलाच नाही. कानाने वाचला. मला घरचा 'कोरसा' ऐकू आला. वाटले, हा लिहिणारा आपल्याच बाजूचा, झाडीतला कोणी गडी असणार. ळ म्हणता येत नाही बिचाऱ्याला. इथले लोक हसतील त्याला, जसे मला पहिल्या वर्षी हसत होते. मी नळाला 'नर चालू हाय' म्हटले की अख्खा छापखाना दारात नर शोधायचा. म्हणून मी त्याची लाज राखली. र काढला, ळ घातला. सुधारून दिले, इस्तारी. कोणाला विचारले नाही, कारण विचारले असते तर मीच त्या बाजूचा आहे हे पुन्हा सगळ्यांना आठवले असते.

परवा समितीचे चिटणीस स्वतः आले. तुझी सहा पत्रे त्यांच्या हातात होती, सहाही एकसारखी, टिंबसुद्धा जागचे हललेले नाही, आणि वर ते क्लोरेटचे सातवे. मालकांनी विचारले, पान सहा कोणाचे? कोकण्या माझ्याकडे बघतच नव्हता, भला माणूस. मी म्हटले, माझे. आणि हा मारबते माझा मामेभाऊ आहे.

काढून टाकले नाही. जुळवायचे काम मात्र गेले. आता जुळवलेला मजकूर मोडून खिळे ज्याच्या त्याच्या घरात परत टाकतो. नव्या पोरांचे काम आहे. क चे क मध्ये, ळ चे ळ मध्ये. दिवसभर ळ हातात येतो तेव्हा तुझी आठवण येते आणि शिवी द्यावीशी वाटते.

मामांना हे पत्र वाचून दाखव. नको, राहू दे. दाखव.

गुणवंत

*

मुंबई
२० जानेवारी १९५८

श्री. इस्तारी मुखरू मारबते, अहेरी, यांस :

नियमपुस्तकाच्या मराठी आवृत्तीतील चूक निदर्शनास आणल्याबद्दल समिती आपली आभारी आहे. सोबत शुद्धिपत्राच्या दहा प्रती पाठवीत आहोत.

शुद्धिपत्र
पान ६, नियम ११ : 'कोळसा' याऐवजी 'क्लोरेट (पोटॅश)' असे वाचावे.

आपला अर्ज देशी गटात मंजूर केला आहे. स्पर्धा १४ ते १६ फेब्रुवारी या दिवसांत होईल. आपण मालासह १२ तारखेस हजर राहावे.

चिटणीस

*

अहेरी
३० जानेवारी १९५८

मा. चिटणीससाहेब यांस सविनय.

शुद्धिपत्रे मिळाली. एक चावडीवर, एक दवाखान्यात, एक जत्रेच्या देवळाच्या खांबाला खळीने चिकटवली आहे. उरलेली जपून ठेवली आहेत, कारण कोणी फाडले तर दुसरे लावता येईल. पहिले फाडून झाले आहे.

अर्ज मंजूर केलात, आभारी आहे. मी येत नाही. १६ तारखेला शिवरात्र आहे. ज्याला येथील काम दिले होते, त्याने शुद्धिपत्र ऐकून पुडी परत केली. त्यामुळे पंचांना वडिलांकडे यावे लागले. वडिलांनी हो म्हटले आणि अटी माझ्यावर सोपवल्या. आपले नियम, एक ते चोवीस, मी जसेच्या तसे या जत्रेला लावणार आहे. परीक्षक नसतील. त्यांची जागा मी रिकामी ठेवीन.

वाईट वाटून घेऊ नये. माझे भांडण मुंबईला येण्यासाठी नव्हते, हे मलाही आता कळले.

आपला नम्र,
इस्तारी मुखरू मारबते

*

अहेरी
१९ फेब्रुवारी १९५८

ती. गुणवंतभाऊ यांस शि. सा. नमस्कार.

तुमचे पत्र बाबांना वाचून दाखवले होते. तुम्ही नको म्हणून मग दाखव म्हटले, तेही वाचले. कोरशाची गोष्ट आली तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, "लाज राखाले गेला पोरगा." उठले, फळीवरची पळी काढली आणि राखेने घासायला बसले. पायांच्या तळव्यांत धरून, एका हाताने. आईला हात लावू दिला नाही.

आता जत्रेचे सांगतो.

सकाळी बाबांनी पावले मोजली आणि बुधूने मागोमाग खुंट ठोकले. साठ पावले. पुस्तकात यार्ड आहेत, पण मी हिशेब करून पाहिला, बाबांची साठ पावले जास्तच भरतात. दोरी बांधली. बादल्या बारा, ओली पोती आठ. बिडी ओढणाऱ्यांना मी स्वतः दोरीबाहेर नेले. प्रत्येक वात तीनदा पाहिली. बुधू म्हणाला, "आता तू वातीले पाहून पाहूनच पेटवशीन."

दिवेलागणीला नानाजी आले. त्यांची खुर्ची दरवर्षीप्रमाणे पुढे मांडलेली, म्हणजे आता दोरीच्या आत. ते बसले. मी जवळ गेलो आणि दोरीमागे यावे म्हणून विनंती केली.

"अरे, मी पंच हावो," ते म्हणाले. "ही जत्रा माह्या बापानं भरवली. दोरी ढोरायले असते."

मी म्हणालो, "नियम चौथा. तुम्ही मागे गेल्याशिवाय वात पेटणार नाही."

"नको पेटवू मंग."

मी काडेपेटी खिशात टाकली आणि जमिनीवर बसलो. चार-पाच हजार माणसे दोरीला लागून उभी. कोणी ओरडले, "पेटव ना बे." मी बसून राहिलो. नानाजी समोर पाहत राहिले. अंधार पुरता झाला. मला वाटले, आता ते उठून जातील, लोकही जातील, आणि मी मुंबईही घालवली, जत्राही घालवली.

तेव्हा बाबा आले. चार वर्षांत त्यांनी जत्रेत पाय ठेवला नव्हता. धोतर, सुती सदरा, उजवी बाही गाठ मारलेली, डाव्या हातात पळी. ते खुर्चीसमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही, पण दोरीपर्यंत ऐकू गेले.

"नानाजी, मांगं सर. माह्या कोरशाचा काई भरोसा नाई, तूच सांगतलं होतं ना लोकायले?"

आधी एक बाई हसली. मग दोरीभर हसू गेले, जसा एका टोकाला पेटवलेला फटाक्यांचा सर जातो. नानाजींनी बाबांकडे पाहिले, मग त्या बांधलेल्या बाहीकडे. खुर्ची त्यांनी स्वतः उचलली. दोरी वर करून धरायला बुधू धावला. ते वाकून पलीकडे गेले.

बाबा माझ्याकडे वळले. "पाहून काय राह्यला? पेटव."

भाऊ, झाड उभे राहिले. आवाज नाही, हिरवे नाही, लाल नाही. नुसते सोनेरी खोड, माणसाच्या दुप्पट, मग फांद्या, मग वरून बारीक पाने गळावीत तशा ठिणग्या. तुराट्यांच्या कोळशाशिवाय ते पान पडत नाही. सात झाडे पेटली, सातही उभी राहिली. आठवे लागलेच नाही. लोक पुढे सरकू लागले तर बाबांनी पळी आडवी धरली आणि अर्धा तास कोणाला हलू दिले नाही. त्या अर्ध्या तासात कोणी घरी गेले नाही.

कोणाला काही इजा नाही. बुधूचे दोन्ही हात जागेवर आहेत. कागद कुणी दिला नाही, म्हणून मीच वहीत लिहून ठेवले : 'नियमांप्रमाणे.' वेलांटी तपासली.

वर बाबांचे बोलणे जसे ऐकले तसे उतरवले आहे. त्यात 'मांगं' आहे आणि 'कोरसा' आहे. मास्तरांनी मला उभे केले असते. तुम्ही मात्र ते सुधारू नका. ते अशुद्ध नाही.

आपला,
इस्तारी